मुल्डर कुटुंब घरी आहे का?

मार्टा पामरच्या डब्यातून पाहुण्याला एकच बिस्किट मिळायचं. ती डबा उघडून समोर धरायची, आपण एक उचललं की झाकण लावायची आणि डबा कपाटात परत ठेवायची. १९७४ साली आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगच्या या घरात राहायला आलो, तेव्हा शशिधरने सवयीने दुसऱ्यांदा हात पुढे केला आणि झाकण त्याच्या बोटांवरच बसलं. घरी येऊन तो म्हणाला, "बाई फार चिक्कू आहे." पुढच्या रविवारी मी तिला बोलावलं आणि चिवडा, शंकरपाळे, वड्या, सगळं टेबलावर मांडलं. तिनेही घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं असणार, की बाई फार उधळी आहे. तिथून पुढे पन्नास वर्षं आमच्या दोन घरांत एक सामाईक भिंत होती. तिच्याकडच्या घड्याळाचे टोले माझ्या जिन्यात ऐकू यायचे.

मी डॉक्टर, पण पेशंट तपासणारी नव्हे. बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघितल्या. माझे पहिले वरिष्ठ सांगत, आधी दिसलं ते सांगा, वाटलं ते नंतर, आणि दोन्ही एकत्र करू नका. आता मी एक्क्याऐंशी वर्षांची आहे. चष्मा आहे, कान चांगले आहेत, गोळ्या दोनच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर पहिली शंका तीच येईल.

मार्टा मूळची हॉलंडची, उत्तरेकडच्या एका लहान गावातली. इंग्लिश नवऱ्याबरोबर इकडे आली. तो रेल्वेत होता. मूलबाळ झालं नाही. तिचे वडील हार्म पोलीस होते आणि त्यांची गोष्ट मला सलग कधी मिळाली नाही. तिच्या बिस्किटांसारखीच, एका भेटीला एक तुकडा.

महायुद्धात त्या गावावर जर्मनांचा अंमल होता. ज्यू कुटुंबांच्या याद्या पोलीस ठाण्यात यायच्या. उद्या सकाळी साडेसहाला अमुक घरातल्या माणसांना घेऊन या, असा हुकूम असायचा. यादी आदल्या दुपारी हातात पडायची. हार्म काम संपलं की अंगावरच्या गणवेशातच सायकल काढायचा, यादीतल्या घराची घंटा वाजवायचा आणि विचारायचा, "मुल्डर कुटुंब घरी आहे का?"

मुल्डर नावाचं तिथे कुणीच नसायचं. दार उघडणारा म्हणायचा, नाही.

"ठीक. उद्या सकाळी साडेसहाला परत विचारतील. तेव्हाही कुणी नसेल."

शेजारच्यांना एवढंच ऐकू जायचं, की पोलीस चुकीच्या घरी आला. घरातल्यांना कळायचं. सगळ्यांनाच कळलं असं नाही. ज्यांना कळलं नाही त्यांचं काय झालं, ते मार्टा सांगत नसे.

एप्रिल १९४३ मध्ये वरिष्ठांनी हार्मला उभं केलं आणि तीन कुटुंबांची यादी देऊन सांगितलं, या वेळी तू स्वतः जाऊन आणायचंस. त्याने यादी वाचली, टेबलावर परत ठेवली आणि म्हणाला, "ही माणसं मी आणणार नाही." बायकामुलांचा विचार कर, असं त्याला दोनदा सांगण्यात आलं. तो घरी आला, उकडलेले बटाटे खाल्ले, मार्टाच्या बुटाची नाडी बांधून दिली. ती आठ वर्षांची होती. संध्याकाळी त्याला घेऊन गेले. कुठल्या छावणीत तो मेला याचा कागद आला, पण कबर नाही.

एक तुकडा तिने मला फार उशिरा दिला. शशिधर गेला त्या वर्षी.

"एकदा पपांना उशीर झाला," ती म्हणाली. "ते आत बोलत होते आणि सैनिक दारात आले. स्वयंपाकघरात आई आणि दोन मुली शेंगा सोलत बसल्या होत्या. पळायला जागा नव्हती. पपांनी वहीत तिघींची नावं लिहिली, त्यांच्यावर रेघ मारली, बाहेर येऊन सांगितलं की घरात कुणी नाही. सैनिक आत शिरले. टेबलाभोवती फिरले. एकाने टोपलीतली शेंग उचलून खाल्ली. आणि गेले."

"त्या तिथेच बसलेल्या असताना?"

"तिथेच."

"असं कसं होईल, मार्टा?"

"तू डॉक्टर आहेस. तू सांग."

मी विचारलं, त्या तिघींचं नंतर काय झालं. तिने डब्याचं झाकण नीट दाबून बसवलं. "नंतर त्यांना कुणी पकडलं नाही," ती म्हणाली. मी चांगला शेवट समजून घरी आले.

दोन वर्षांपूर्वी मार्टाला उठता-बसता आधार लागायला लागला आणि केअर एजन्सीने स्वरालीला पाठवलं. स्वराली रघुवीर ढोमणे, वय सत्तावीस, नागपूरजवळच्या हिंगण्याची. पहिल्या दिवशी कुंपणावरून माझी टिकली दिसल्याबरोबर म्हणाली, "आजी, तुम्ही मराठी आहा का? मी तर सकाळपासून इंग्लिश बोलून राहिली, जबडा दुखून राहिला." तिला बिस्किट एकच मिळायचं. दुसऱ्या आठवड्यात ती डबा धरणाऱ्या मार्टाला म्हणाली, "मार्टा, आमच्याकडे एक दिलं तर भांडण होतं." मार्टाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दुसरं दिलं. मला पन्नास वर्षांत मिळालं नव्हतं.

या उन्हाळ्यात ती एजन्सी बंद पडली. परवाना गेला. कुणाची काय चूक होती ते स्वरालीला कुणी सांगितलं नाही. एजन्सीने दिलेली खोली गेली आणि सरकारचं एक पत्र आलं, की साठ दिवसांत नवा मालक शोधा नाहीतर देश सोडा. मी तिला माझ्या वरच्या खोलीत आणलं. बेसिंगस्टोकच्या एका नर्सिंग होमने मुलाखत घेतली, घेतो म्हणाले, कागद तयार होताहेत म्हणाले. साठ दिवस संपले. कागद तयारच होत राहिले. तिला काम करायची परवानगी नव्हती, पण ती रोज शेजारी जाऊन मार्टाचे केस विंचरायची. त्याला परवानगी लागत नाही.

माझा मुलगा अनुप बेसिंगस्टोकलाच असतो. इथेच जन्मला, पन्नाशी उलटली, मराठी अजून इंग्लिश मीडियमचं आहे. फोनवर म्हणाला, "आई, मी चिडलो नाहीये. ती मुलगी चांगला आहे, आय नो. पण हे लीगली बरोबर नाहीये."

"चांगली," मी म्हटलं.

"हां, चांगली. पण सिक्स्टी डेज ओव्हर झाले ना. उद्या ऑफिसर्स दारात आले तर तू काय सांगणार?"

"चहा घ्या म्हणेन."

"जोक नको ना, आई. त्यांनी विचारलं ती घरी आहे का, तर?"

मी जन्मात कधी अधिकाऱ्याशी खोटं बोललेले नाही. कौन्सिलला टॅक्सचं पत्रसुद्धा दोन दिवस आधी पाठवणारी बाई मी. आणि स्वरालीला त्या कागदाच्या आधी पकडलं असतं, तर तिला परतीच्या विमानात बसवलं असतं. हिंगण्यात तिच्या बापाने घर गहाण टाकून तिला पाठवलं होतं. हे दोन्ही मला माहीत होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मार्टाने अंथरूण धरलं. पपा येऊन बसतात, असं म्हणायची. त्या वयात असं होतं, मी अनेकांचं ऐकलं आहे. जाण्याच्या आदल्या दुपारी तिने स्वरालीचा हात धरला आणि मला म्हणाली, "मी पपांना हिचं नाव सांगितलंय. त्यांना उच्चार जमला नाही. ते स्वतः येऊन विचारतील."

स्वराली हसली. मग न हसता माझ्याकडे बघू लागली.

मार्टाच्या भाच्याने तीन दिवसांत घर रिकामं केलं. घड्याळसुद्धा नेलं. त्यानंतरही जिन्यात उभी राहिले की मला भिंतीपलीकडून आवाज यायचा. घड्याळाचा नव्हे. जाड तळव्याच्या बुटांची तीन पावलं, मग थांबणं, मग तीन पावलं. दार उघडण्याची वाट बघत कुणी बाहेरच्या खोलीत फेऱ्या घालाव्यात, तसं. रिकाम्या घराच्या पाइपांचे आवाज होतात. मी भाच्याला फोन करून पाणी बंद करायला सांगितलं. त्याने ते आधीच बंद केलं होतं.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी दुपारी चार वाजता माझ्या दाराची बेल वाजली.

दारात एक उंच माणूस होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला गडद निळा लांब कोट, काखेत टोपी, कानशिलाशी पांढरे केस. कुंपणाला एक काळी सायकल टेकवलेली. दुपारपासून पाऊस लागलेला होता. त्याचा कोट कोरडा होता, आणि तरी ओल्या लोकरीचा वास येत होता. हे दोन्ही मी त्याच वेळी नोंदवलं.

"मुल्डर कुटुंब घरी आहे का?" त्याने विचारलं. इंग्लिश चांगलं होतं, पण प्रत्येक शब्द तपासून घेतल्यासारखं.

पन्नास वर्षं ऐकलेलं वाक्य होतं ते. तरी माझ्या तोंडून पत्ता चुकलेल्या माणसाला देतात तेच उत्तर गेलं. "नाही. मुल्डर इथे कुणी राहत नाहीत."

"ठीक. उद्या सकाळी साडेसहाला परत विचारतील." तो थांबला. "तेव्हाही कुणी नसेल?"

मी म्हटलं, "बरं."

त्याने टोपी घातली आणि सायकलकडे गेला. रस्त्यावरून पोस्टाची लाल व्हॅन गेली. ती पुढे सरकली तेव्हा कुंपणाशी कुणी नव्हतं.

स्वराली स्वयंपाकघरात वांगी चिरत होती. मी सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली.

"आजी, तेच होते."

"कुणीतरी होतं."

"मी निघते. स्टॅनमोरला अनुया आहे माझी मैत्रीण, ती ठेवून घेईल चार दिवस. आत्ताच निघते."

मला पटत नव्हतं. मार्टाने ही गोष्ट आणखी कुणाला तरी सांगितली असेल, कुणी चेष्टा केली असेल, गावातल्या नाटक मंडळातला कुणी म्हातारा असेल. बत्तीस वर्षं मी जे दिसलं ते लिहिलं, आणि त्या दिवशी जे दिसलं ते मानलं नाही. म्हटलं, "एवढ्या पावसात कशाला? सकाळी नीट नाश्ता करून जा."

मोठ्यांनी सांगितलेलं ती ऐकायची. तिने बॅग भरून जिन्याखाली ठेवली आणि वांग्याची भाजी केली.

सकाळी बेल वाजली तेव्हा मायक्रोवेव्हवर सहा तीस होते. स्वराली वर अंघोळ करून जॅकेट घालत होती. दारात एक पन्नाशीची बाई आणि एक तरुण. दोघांच्या गळ्यात ओळखपत्रं. बाई अगदी नम्र होती. म्हणाली, आत येऊन दोन प्रश्न विचारले तर चालेल का. बाहेर अजून अंधुक होतं आणि गार वारा घरात शिरत होता. नाही म्हणता आलं असतं, हे मला नंतर सुचलं. दारातल्या माणसाला आत घ्यायचं असतं, एवढंच हातापायांना माहीत होतं. मी म्हटलं, या, बूट राहू देत.

ते सोफ्यावर बसले. बाईने फाइल उघडली. "स्वराली ढोमणे नावाची व्यक्ती इथे राहते का?"

मी आयुष्यातलं पहिलं खोटं जुळवत होते. मनात वाक्य तयार होतं. नाही, इथे मी एकटीच राहते. ते बोलायला तोंड उघडलं. पण पाहुणे समोर बसलेले, सकाळची वेळ, आणि चार महिन्यांची सवय. मी मान वळवून जिन्याकडे हाक मारली.

"स्वराली, चहा ठेव गं."



चहा ठेव हे त्यांना कळलं नसेल. नाव कळलं. बाईने फाइल हळूच मिटली. मला तिच्या डोळ्यांत दया दिसली, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला मी माझ्या तोंडाने धरून दिलं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून नळ सोडल्याचा आवाज आला. मग किटलीचं झाकण.

"बघून ये," बाई तरुणाला म्हणाली.

तो आत गेला. बराच वेळ गेला. आत दोन माणसं हळू आवाजात बोलत होती. एक आवाज त्याचा होता. दुसरा शब्द तपासून बोलणारा.

तरुण बाहेर आला. "आत पोलीस आहे, मॅम. सार्जंट. वर बघून आलेत म्हणाले."

"इथल्या पोलिसांना कुणी कळवलं?"

"मला वाटलं तुम्ही." त्याने कपाळ चोळलं. "घरात कुणी नाही म्हणाले."

बाई स्वतः उठून आत गेली. मागच्या दाराची कडी आतून लागलेली होती, ती तिने हलवून पाहिलेली मी ऐकली. ती परत आली आणि खोलीच्या मध्यभागी उभी राहिली.

"घरात कुणी नाही," तरुण पुन्हा म्हणाला.

बाईने खोलीभर नजर फिरवली. खिडकी, टीव्ही, शशिधरचा फोटो, माझी खुर्ची, दिवा. माझ्यावरून ती नजर भिंतीवरून जावी तशी गेली.

"चहा तरी घेऊन जा," मी म्हटलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. जाताना तिने दार ओढून घेतलं आणि पायरीवर उभी राहून फोनवर म्हणाली, "घर बंद आहे. कुणी राहत असेल असं वाटत नाही."

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. किटली गरम होती.

स्वराली वर पलंगावर जॅकेट घालून बसली होती. रडत नव्हती.

"ते आले होते," ती म्हणाली. "दारातच थांबले. आत नाही आले. टोपी काढली आणि नाव विचारलं. मी पूर्ण सांगितलं, बाबांचं नाव, गावाचं नाव. त्यांनी वहीत लिहिलं. हळूहळू, एकेक अक्षर विचारून. मग त्याच्यावर रेघ मारली."

"मग?"

"मग विचारलं, खाली कोण आहे."

मी पलंगाच्या कडेला बसले.

"मी म्हटलं, उल्काआजी. उल्का शशिधर रिसबूड. म्हटलं, माझ्यामुळे त्यांना कशाला त्रास. त्यांचंही लिहून घ्या."

त्या दिवशी आम्ही दोघींनी शिरा केला. सुटल्याचा आनंद होता, तो खोटा नव्हता. अनुपला सांगायचं नाही, एवढं ठरवलं.

बुधवारी पोस्टमन आला. मी दार उघडून उभी होते, हात पुढे केला. त्याने माझ्या हाताखालून पायरीवर कार्ड ठेवलं. आपण आलो तेव्हा घरी कुणी नव्हतं, असं त्यावर लिहिलं होतं.

गुरुवारी बस थांबली नाही. ज्येष्ठ मंडळाच्या जेवणाला मी चालत गेले. पंधरा माणसं होती, चौदा ताटं वाढली होती. देवयानी माझ्या शेजारी बसते, एकोणीस वर्षं. तिने तिची पर्स माझ्या खुर्चीवर ठेवली. मी तिला दोनदा हाक मारली, मग मारली नाही. लाज वाटली.

शुक्रवारी स्वरालीने बेसिंगस्टोकला फोन लावला. त्यांनी तपासून सांगितलं, या नावाचा अर्जच आलेला नाही. नंतर ते हॅलो, हॅलो म्हणत राहिले.

त्याच दिवशी तिने आईला व्हिडिओ लावला. मी बाजूला होते. हिंगण्यातलं अंगण दिसलं, दोरीवरचे कपडे, आणि तिच्या आईचा चेहरा स्क्रीनला चिकटलेला.

"दिसून नाही राहिलं गं," आई म्हणाली. "भिंत दिसते नुसती. स्वरू? कुठे ठेवला फोन? बोल ना."

स्वराली बोलत होती. अगदी समोर बसून, मोठ्याने बोलत होती.

तिकडून फोन बंद झाला. तिने फोन उपडा ठेवला. मग म्हणाली, "आजी, आपण आहोत ना?"

मी तिचं मनगट धरलं आणि नाडी मोजली. मिनिटाला अठ्ठ्याऐंशी, नियमित. तिने माझी मोजली. तिला केअरच्या कोर्समध्ये शिकवलं होतं. शहात्तर.

तिला पकडायला पुन्हा कुणी आलं नाही. येईल असं वाटतही नाही. मी सूक्ष्मदर्शकाखाली असंख्य गोष्टी पाहिल्या, ज्या नुसत्या डोळ्यांना दिसत नसत आणि तरी माणसाला मारत किंवा वाचवत. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, हे मला कुणी शिकवायला नको. त्या तीन बायका शेंगा सोलत किती वर्षं त्या टेबलाशी बसल्या असतील, याचा मात्र मी आता रोज विचार करते. आणि तो माणूस दुसरं काय करू शकला असता, याचाही. त्याच्या हातात एक वही होती. समोरून बूट येत होते. माझ्याकडे खोटं बोलायला नीट जीभसुद्धा नव्हती.

शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी मी टेबलाशी बसले आणि इथवरचं सगळं लिहून काढलं. दिसलं ते आधी. अनुपसाठी. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढलं.

रविवारी सकाळी तो आला. आठवडाभर मी फोन उचलते आणि त्याला ऐकू येत नाही. त्याचा चेहरा उतरलेला होता. बेल न वाजवता त्याने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं.

"आई?"

मी म्हटलं, "इथे आहे रे."

तो खाली फिरला, वर फिरला. स्वराली जिन्यात होती, तिने अंग चोरून त्याला वाट दिली. न्हाणीघराचं दार त्याने जरा थांबून उघडलं. आत कुणी पडलेलं नाही म्हटल्यावर भिंतीला हात टेकून उभा राहिला. मग खाली येऊन बायकोला, नीनाला, फोन लावला.

"नाही. नोबडी. बेड नीट केलेला आहे. हीटिंग चालू आहे. ती मुलगी पण नाही." तो ऐकत राहिला. "हो, पोलिसांना सांगू या. आय नो. मी इथे नोट ठेवून निघतो."

मी कागद त्याच्यासमोर सरकवले. चौदा पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. कागद सरकताना त्याने पाहिले, खिडकीकडे पाहिलं आणि उठून खिडकी लावून आला.

मग त्याने वरचं पान उचललं. पुढून पाहिलं, उलटून मागून पाहिलं. खिशातून पेन काढलं आणि ते पान टेबलावर पसरून माझ्या ओळींवरूनच मोठ्या अक्षरांत लिहिलं, आई, आलीस की लगेच फोन कर.